माल जातो, माणूस थांबतो : परदेशी व्यापारी प्रदर्शन आणि व्हिसाचा अर्ज

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या द्रोणागिरीच्या रस्त्यावर दिवसाच्या कोणत्याही प्रहरी उभे राहिले तरी एक गोष्ट नजरेस पडल्यावाचून राहत नाही, ती म्हणजे कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरांची रांग. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि जिथे भातखाचरे व मिठागरे होती तिथे कंटेनरची यार्डे उभी राहिली. देशातील प्रमुख बंदरांतून जी कंटेनर वाहतूक होते तिच्यापैकी सुमारे निम्मी या एका बंदरातून होते. नाशिकची द्राक्षे, औषधे, कापड, यंत्रांचे सुटे भाग हे सारे आपल्या दारावरून हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, दुबई अशा ठिकाणी जाते. आपल्या गावांतील मुलांना या शहरांची नावे भूगोलाच्या पुस्तकातून कळण्याआधी वडिलांच्या तोंडून कळलेली असतात.

परंतु ज्या माणसाने त्या मालाची पेटी ठोकली, त्यालाच त्या शहरी आठ दिवस जाऊन यावेसे वाटले तर काय होते? माल जातो, माणूस थांबतो. द्रोणागिरी हे नाव ज्या कथेवरून पडले असे आपल्याकडे सांगतात, त्या कथेतील मारुतीरायाने एका रात्रीत समुद्र ओलांडला. त्याला ना पारपत्र लागले ना व्हिसा, आणि नमुना म्हणून त्याने सबंध पर्वतच उचलून नेला! आजच्या माणसाला मात्र कागदांचा पर्वत आधी उचलावा लागतो. हा पर्वत कशाचा बनलेला असतो, आणि त्यातील कोणता दगड आपल्या भागातील माणसाला सर्वांत जड जातो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक कारण घडले. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. त्यामुळे आळीतील कोणालाही इंग्रजी कागद वाचायचा असला की तो माझ्याकडे येतो. आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत. आधी एका यार्डात मजुरी करून, पुढे त्यांनी भाड्याच्या शेडमध्ये लाकडी पॅलेट व पेट्या बनविण्याचे काम सुरू केले. आज त्यांच्या हाताखाली आठ माणसे आहेत. गेल्या वर्षी त्यांनी युरोपातील एका देशात भरणारे लाकूडकामाच्या यंत्रांचे प्रदर्शन पाहण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला, आणि प्रदर्शनाला तीन दिवस उरले असताना नकाराचा कागद हाती आला. “बाला, तू कालेजात जातस ना, ह्यो कागद काय बोलतंय त वाच,” असे म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. तो कागद नीट समजावा म्हणून मी जे वाचले, जे विचारून घेतले, त्याचा हा सारांश होय.

१. पारपत्र आणि व्हिसा

पुष्कळांच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत असते. पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, आपले सरकार आपल्याला देते. ‘हा माणूस आमचा आहे’ असे ते सांगते. व्हिसा परके सरकार देते. ‘हा माणूस आमच्या दाराशी यायला हरकत नाही’ असे तो सांगतो. ‘व्हिसा’ हा शब्द मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘पाहिलेला’, म्हणजे अधिकाऱ्याने डोळ्यांखालून घातलेला कागद, एवढाच आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील बऱ्याच देशांत पारपत्रावाचून फिरता येई. युद्धाने ही मोकळीक संपविली, आणि १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिस येथे भरविलेल्या परिषदेत पारपत्राच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांना पारपत्र सक्तीचे करणारा कायदा केला.

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ पारपत्र देणे वा न देणे ही सरकारची मर्जी मानली जात असे. ही मर्जी मोडून निघाली ती एका व्यापाऱ्याच्या खटल्यामुळे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. सतवंतसिंग साहनी हे मोटारींचे सुटे भाग व अभियांत्रिकी माल यांची आयात-निर्यात करणारे गृहस्थ धंद्यानिमित्त परदेशी जात. ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांना पारपत्रे परत करण्यास फर्माविण्यात आले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९६७ मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याचा आधार असल्याखेरीज तो हिरावून घेता येत नाही. तेव्हा तसा कायदाच नव्हता. म्हणून त्याच वर्षी संसदेने पारपत्र कायदा केला. पुढे १९७८ मध्ये मेनका गांधी खटल्यात न्यायालयाने असेही ठरविले की, नुसता कायदा असून भागत नाही, त्याची कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे.

म्हणजे पारपत्र हा आज आपल्याला कायद्याने मागता येणारा हक्क आहे. परंतु आपले सर्वोच्च न्यायालय आपल्याला आपल्या दारातून बाहेर जाऊ देऊ शकते, शेजाऱ्याच्या दारातून आत नेऊ शकत नाही. व्हिसाच्या खिडकीशी आपण हक्काने उभे नसतो. तिथे आपल्याला आपली बाजू पटवून द्यावी लागते. हा फरक ज्याला समजला त्याला अर्ज कसा लिहावा हे अर्धे समजले.

जाता जाता शिक्षणाचा आणि पारपत्राचा एक संबंध सांगतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यामुळे दहावी न झालेल्या माणसाच्या पारपत्रावर ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’ असा शेरा येतो. ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या मजुरांची फसवणूक टळावी हा त्यामागील हेतू आहे. प्रदर्शन पाहून परत येणाऱ्याला त्याची अडचण नाही. शिवाय आयकर भरणाऱ्याला दहावीची अट लागत नाही. आमचे काका आयकर भरतात, त्यामुळे त्यांचे पारपत्र शेऱ्याविना मिळाले. “दहावी नाय झालू, पन चलन भरलू,” असे ते अभिमानाने सांगतात.

२. प्रदर्शनाला जायचेच कशाला?

यंत्रांची चित्रे घरबसल्या पाहता येतात, मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. याचे उत्तर प्रदर्शनांच्या इतिहासात आहे.

१८५१ साली लंडनच्या स्फटिक-महालात जे प्रसिद्ध प्रदर्शन भरले त्यात हिंदुस्थानातील वस्तू होत्या. १८८६ साली लंडनलाच वसाहतींचे व हिंदुस्थानचे प्रदर्शन भरले तेव्हा तेथे विणताना, घडविताना दाखविण्यासाठी आपले कारागीरही नेले होते, आणि त्यांतील बरेच जण आग्र्याच्या तुरुंगातील कैदी होते. म्हणजे त्या काळी आपला कारागीर प्रदर्शनाला गेला तो पाहायला नव्हे, तर पाहिला जायला. आज आठ माणसांच्या शेडचा मालक स्वतःच्या पैशाने यंत्र पाहायला जाऊ म्हणतो, हे अंतर मला फार मोठे वाटते.

दुसरे उदाहरण जर्मनीतील हॅनोव्हरचे. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशाचा माल परदेशी विकला जावा म्हणून ऑगस्ट १९४७ मध्ये तेथे निर्यात-प्रदर्शन भरविण्यात आले. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत प्रदर्शनाच्या आवारात रेशनच्या कुपनाशिवाय मासळी घातलेला पाव मिळे. म्हणून लोक त्याला गमतीने ‘मासळी-पावाची जत्रा’ म्हणत. आपल्या करंजा-मोऱ्याच्या लोकांना ही जत्रा आवडली असती यात शंका नाही! त्याच हॅनोव्हरमध्ये १९७५ पासून ‘लिग्ना’ नावाचे लाकूडकामाच्या यंत्रांचे स्वतंत्र प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरते. चीनमधील ग्वांगजौचे प्रदर्शन १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, भरते. आपल्याकडील कितीतरी लहान व्यापारी तेथे जातात.

प्रदर्शनात एका छपराखाली शंभर दुकानदार आपापले यंत्र चालवून दाखवितात. किंमत विचारता येते, आवाज ऐकता येतो, खिळा वाकतो की नाही हे डोळ्यांनी दिसते. मोठ्या कारखानदाराला हे सारे त्याच्या दारी येऊन दाखविणारे प्रतिनिधी असतात. लहान धंदेवाल्याला मधल्या दलालाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून प्रदर्शनाची खरी गरज लहान माणसाला अधिक, आणि व्हिसाची अडचणही त्यालाच अधिक, असा हा उलटा हिशेब आहे.

३. अर्जातील चार प्रश्न

युरोपातील एकोणतीस देशांनी मिळून ‘शेंगेन’ नावाची एक व्यवस्था केली आहे. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १४ जून १९८५ रोजी मूळ करारावर सह्या झाल्या आणि १९९५ पासून तो अमलात आला. त्यांतील एका देशाचा अल्प मुदतीचा व्हिसा सर्वसाधारणपणे सर्व देशांत चालतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. ज्या देशात मुख्य काम, त्या देशाकडे अर्ज करावयाचा. प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीसपर्यंत जातात. जून २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला नव्वद युरो शुल्क पडते, शिवाय अर्ज-केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. नकार आला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. बोटांचे ठसे एकदा दिले की ते ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात.

अर्जाचे कागद पुष्कळ असले तरी ते चार प्रश्नांची उत्तरे आहेत, असे माझ्या लक्षात आले. ती चार खणांत मांडली म्हणजे घोटाळा होत नाही.

पहिला प्रश्न : तू कोण? याचे उत्तर पारपत्र. ते गेल्या दहा वर्षांत दिलेले असावे, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारे असावे, आणि त्यात दोन पाने कोरी असावीत.

दुसरा प्रश्न : कशासाठी येतोस? शेंगेनच्या व्हिसा-संहितेत, जी २०१० पासून लागू आहे, व्यापारी प्रवासासाठी कोणते कागद दाखवावेत याची यादीच दिलेली आहे. परदेशी कंपनीचे वा संस्थेचे निमंत्रण. व्यापारी संबंध असल्याचे इतर कागद. प्रदर्शन असल्यास त्याची प्रवेशपत्रे. आपला धंदा चालू असल्याचा पुरावा. आणि त्या धंद्यात आपले स्थान काय याचा पुरावा. आपल्याकडील भाषेत सांगायचे तर वस्तू व सेवा कराची नोंदणी, उद्यम नोंदणी, आयात-निर्यात करीत असल्यास त्याचा संकेतांक, आयकराची विवरणपत्रे. प्रदर्शनाचे तिकीट सहज मिळते. परंतु नुसते तिकीट म्हणजे हेतू नव्हे. जत्रेचे तिकीट कोणीही काढतो. त्या जत्रेत तुझे काम काय, हे सांगावे लागते.

तिसरा प्रश्न : खर्च कोणाचा? बँकेचा गेल्या काही महिन्यांचा उतारा, राहण्याच्या जागेचे आरक्षण, आणि निदान तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा. येथे खात्यातील शिल्लक किती यापेक्षा ती कशी जमली याला महत्त्व असते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम भरलेली मोठी रक्कम संशय निर्माण करते. धंद्यातून महिनोन्महिने येणारी-जाणारी लहान रक्कम विश्वास निर्माण करते.

चौथा प्रश्न : परत जाशील कशावरून? हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तो फक्त युरोपच विचारतो असे नाही. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात तर असे गृहीतच धरले आहे की, येणारा मनुष्य कायमचा राहायला येत आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. शेंगेनच्या यादीत परतीचे तिकीट, नोकरी-धंद्याचा पुरावा, कौटुंबिक बंध आणि स्थावर मालमत्तेचा पुरावा यांचा उल्लेख आहे. काकांच्या नकारपत्रावर ज्या चौकटीत खूण होती ती हीच : मुदत संपण्यापूर्वी अर्जदार परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे.

मी हे वाचून दाखविले तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आरं, मी परत नाय येनार त जानार कुठं? पोरं हितं, देव हितं, धंदा हितं.”

४. चौथा प्रश्न आणि आपली जमीन

काकांचे म्हणणे खरे होते. पण ते कागदावर कसे आणायचे? येथे आपल्या परिसराचा इतिहास आडवा येतो.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. आपल्या आजोबांच्या पिढीचा सातबारा या शहराच्या पोटात गेला. वाजवी मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे, १९९० साली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व शासनाने स्वीकारले. बंदरासाठी जुने शेवे गाव उठले आणि नवीन शेवा वसले.

आता पाहा. परदेशी अधिकारी विचारतो, तुझी मुळे कोठे आहेत? ज्याच्या घरी वीस एकराचा सातबारा आहे तो तो काढून दाखवितो. आमच्या काकांच्या सात पिढ्या या मातीत गेल्या. पण सातबाऱ्यावर नाव नाही. शेड भाड्याची. राहते घर गावठाणाबाहेर वाढलेले, म्हणून त्याचे कागद अपुरे. साडेबारा टक्क्यांचा भूखंड आहे, पण त्याचे वाटपपत्र काकांच्या मयत वडिलांच्या नावे आणि वारस सहा. म्हणजे ज्या माणसाला येथून हलविणे कोणालाही शक्य नाही, तोच कागदावर वाऱ्यावरच्या पानासारखा दिसतो. उलट नुकताच येथे सदनिका घेतलेला मनुष्य कागदावर वटवृक्षासारखा दिसतो.

यात त्या अधिकाऱ्याचा दोष मानण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे एक फाइल असते, माणूस नसतो. जे फाइलीत नाही ते त्याच्यासाठी नाहीच. तेव्हा फाइल बोलकी करणे हेच आपले काम.

पहिला अर्ज एका दलालाने भरला होता. त्यासोबतच्या पत्रात ‘युरोपात व्यापाराच्या संधी शोधण्यासाठी’ असे एक वाक्य होते. ते वाक्य पॅलेटवाल्याला, सोनाराला आणि औषधविक्रेत्याला सारखेच लागू पडते. दुसऱ्या वेळी, वेगळ्या देशातील वेगळ्या प्रदर्शनासाठी, पत्र काकांनी सांगितले आणि मी इंग्रजीत लिहिले. पत्र एकाच पानाचे होते. दिवसाला किती पॅलेट बनतात, त्यांत हाताने खिळे ठोकण्यात किती वेळ जातो, कोणत्या दोन कंपन्यांची खिळे मारण्याची यंत्रे पाहायची आहेत, त्यांच्याशी काय पत्रव्यवहार झाला, आणि परतल्यावर आठवड्याच्या आत कोणाची मागणी पुरी करायची आहे, एवढेच त्यात होते. सोबत मागणीपत्रांच्या प्रती, कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची चलने, शेडचा नोंदणीकृत भाडेकरार, मुलांच्या शाळेचे दाखले जोडले. भूखंडाच्या वाटपपत्रासोबत वारस दाखला जोडला. आणि आणखी एक कागद जोडला, तो म्हणजे ‘प्रकल्पग्रस्त’ असल्याचा दाखला, इंग्रजी भाषांतरासह.

या शेवटच्या कागदाविषयी मला फार वाटले. जमीन गेली याचा तो पुरावा. पण त्यातच ती आमची होती याचाही पुरावा आहे. पत्रात आम्ही दोन ओळींत त्याचा अर्थ सांगितला : बंदर व शहर यांच्यासाठी जमीन दिलेल्या कुटुंबातील हा मनुष्य असून त्याच बंदराच्या कामावर त्याचा धंदा उभा आहे. कोणत्या कागदाने अधिकाऱ्याचे मत वळले हे सांगता येणार नाही, कारण व्हिसा देताना कारण लिहीत नाहीत. पण बारा दिवसांचा व्हिसा मिळाला.

काकांनी यंत्र पाहिले. किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणून घेतले नाही. मात्र एका दालनात फळ्या नेमक्या अंतरावर धरून ठेवणारा साधा लोखंडी साचा त्यांनी अर्धा तास उभे राहून पाहिला, आणि परत आल्यावर तसाच साचा येथील वेल्डरकडून करून घेतला. आता त्यांच्या शेडमध्ये फळ्या मोजण्यात वेळ जात नाही. प्रदर्शनाचा उपयोग तो हाच.

५. नकार आला तर

नकाराने पुष्कळ लोक खचतात; गावात तर ‘त्याला परत पाठवला’ अशी बोलवा होते. म्हणून काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. शेंगेन देशांना नकाराचे कारण ठरावीक नमुन्यातील कागदावर कळवावेच लागते, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही त्याच कागदावर नमूद असतो. एका नकाराने दार कायमचे बंद होत नाही. नवा अर्ज केव्हाही करता येतो. फक्त पूर्वीचा नकार लपवू नये, कारण त्याची नोंद सर्व देशांना दिसते. खोटे निमंत्रण वा खोटा बँक-उतारा जोडणारे दलाल भेटतात; त्यांच्या नादाने साध्या नकाराचे रूपांतर फसवणुकीत होते आणि मग खरोखरच दार बंद होते.

उलट, मिळालेला व्हिसा नीट वापरला तर पुढची वाट सोपी होते. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी असा नियम केला की, तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते कायदेशीररीत्या वापरणाऱ्याला दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. म्हणजे ‘परत जाशील कशावरून?’ या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर ‘मागे परत गेलो होतो’ हेच आहे. पहिली फेरी सर्वांत कठीण असते, हे येथेही खरे आहे. महाविद्यालयात पहिल्यांदा येणाऱ्या घरांना ते निराळे सांगायला नको.

६. मालालाही पारपत्र असते

आरंभी ‘माल जातो, माणूस थांबतो’ असे मी लिहिले. अभ्यासाअंती त्यात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. मालही तसाच जात नाही. प्रदर्शनात मांडण्यासाठी जो नमुना न्यायचा आणि परत आणायचा, त्याच्यासाठी ‘एटीए कार्ने’ नावाची एक पुस्तिका असते. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून ती निघाली. आपल्याकडे ती ‘फिक्की’ ही संस्था देते. ती दाखविली की तेथे जकात भरावी लागत नाही; मात्र माल मुदतीत परत आला नाही तर हमीची रक्कम जाते.

काकांच्या पॅलेटचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कच्च्या लाकडातून भुंगेरे व किडी एका देशातून दुसऱ्या देशात जातात व तेथील झाडे मारतात, असे आढळल्यावर २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यानुसार पॅलेटचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग तीस मिनिटे तापवावे लागते, आणि मग त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा संकेत व प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक डागला जातो. हा शिक्का नसेल तर परक्या बंदरात मालच अडतो. म्हणजे लाकडाच्या फळीलाही व्हिसा लागतो!

मग फरक कोठे राहिला? फळीला विचारतात, तू सोबत काय आणले आहेस? नमुन्याला विचारतात, तुझी हमी किती रुपयांची? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तापमापकावर व बँकेत मिळतात. माणसाला मात्र विचारतात, तुझ्या मनात काय आहे? मनाचा दाखला कोणत्याही तलाठ्याकडे मिळत नाही. म्हणून माणसाचा अर्ज अवघड.

७. विद्यार्थ्यांनी काय करावे?

आपल्यापैकी कित्येकांना पुढे नोकरी, शिक्षण वा धंद्यासाठी हा अर्ज करावा लागेल. आणि त्याआधी आपल्या घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी तो लिहावा लागेल. म्हणून तीन गोष्टी सुचवितो.

एक, नाव. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पारपत्रात दिलेले नाव व आडनाव असे दोनच रकाने असतात. लग्नानंतर मुलींचे नाव बदलते. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कचेरीत वेगळे. हे सारे आजच एकसारखे करून घ्यावे. ऐन वेळी होत नाही.

दोन, घरातील कागद. वारस दाखला, वाटपपत्र, प्रकल्पग्रस्त दाखला, जुने सातबारे हे ट्रंकेत वाळवीच्या हवाली न करता त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. भांडण असेल तर मिटवून नावे लावून घ्यावीत. आपल्या वडीलधाऱ्यांना याचे महत्त्व कोणी सांगितले नाही. आपण सांगू शकतो.

तीन, पत्र लिहिण्याची कला. आपण वर्गात निबंध लिहितो, अर्ज लिहितो, आणि परीक्षा झाली की विसरतो. कोण, कशासाठी, कोणाच्या खर्चाने आणि परत केव्हा, ही चार वाक्ये साध्या इंग्रजीत सरळ लिहिता येणे ही आपल्या गावाला आज लागणारी विद्या आहे. तीच पैसे देऊन दलालाकडून घेतली तर ती कोणाचीच नसते.

१२ जानेवारी २०२४ पासून लोकल गाडी उरणपर्यंत येते आणि द्रोणागिरीलाही स्थानक झाले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. या दोन्हींसाठी आपल्या लोकांच्या जमिनी गेल्या. आता त्या गाडीत व त्या विमानात आपली माणसे केवळ हमाल, चालक वा पहारेकरी म्हणून नव्हे, तर स्वतःच्या धंद्याचे नमुने काखेत घेतलेले प्रवासी म्हणूनही बसली पाहिजेत. त्यासाठी लागणारा कागद लिहून देणे एवढे तरी आपल्या पदवीचे काम असावे, असे मला वाटते.